घाट बंद झाला तर चालत घरी: पाठीवर काय असावं, काय नसावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी महाबळेश्वरात, घर पोलादपूरजवळ, ये-जा आंबेनळी घाटातून, कधी बाईकने तर कधी एसटीने. पावसाळ्यात दरड येऊन रस्ता बंद झाला तर चालत घर गाठता यावं म्हणून तुम्ही बॅग भरताय. यादीत मोठा सुरा, ठिणगी पाडायची चकमक, वीस मीटर दोर, छोटा तंबू, पाणी गाळायची नळी, तीन दिवसांचं कोरडं खाणं आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आहे. वजन चौदा किलो. 'काही राहिलंय का?' असं तुम्ही विचारलंय, आणि शेवटी 'घरच्यांसाठीही एक बॅग करू का?' असंही.

राहिलंय. पण आधी निम्म्याहून जास्त सामान बाहेर काढावं लागेल. ही यादी कोरड्या हवेच्या, विरळ वस्तीच्या मुलखासाठी केलेली दिसते. जुलैतल्या आंबेनळीत सगळंच उलटं. पाणी डोक्यावर, पायाखाली आणि दोन्ही बाजूंनी, गाव काही तासांच्या चालीवर, आणि जाळायला एक कोरडी काडी नाही. इथे माणूस भुकेने मरत नाही. तो भिजून गारठतो, अंधारात घसरतो, ओढा ओलांडताना वाहून जातो किंवा दरडीखाली सापडतो. पहिल्या दोन गोष्टींवर बॅगेत इलाज ठेवता येतो. उरलेल्या दोन्हींवर एकच इलाज आहे, तो म्हणजे थांबणं. म्हणून 'किती लांब चालता येईल' हा हिशोब सोडा आणि 'एक रात्र आहे तिथे कोरडं कसं राहता येईल' याचा हिशोब करून बॅग भरा. ज्याच्या पाठीवर रात्र काढायची सोय असते तो उजेड असतानाच थांबतो. ज्याच्याकडे ती नसते तो 'एवढं वळण झालं की आलंच' म्हणत अंधारात पाय ओढत राहतो, आणि आम्हा शोध-बचाव करणाऱ्यांना शोधायला जावं लागतं ते बहुतेक यालाच.

अंतर एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वर ते पोलादपूर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर. माथा साडेतेराशे मीटरच्या आसपास, पायथा जवळजवळ समुद्रसपाटीचा. कोरड्या दिवसा, डांबरी रस्त्यावर, उतार धरून चांगला चालणारा तासाला चार किलोमीटर काढतो. धुक्यात, पावसात, पडलेली झाडं आणि मातीचे ढीग ओलांडत रात्री तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ. म्हणजे दुपारी चारला ऑफिसातून निघालेला माणूस त्या रात्री घरी पोचत नाही. हे आधीच मान्य केलं की अर्धे चुकीचे निर्णय टळतात. वीसेक किलोमीटरवर, प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा कुंभरोशी आहे. तुमच्या वाटेवरचा मुक्काम तोच. शाळा, मंदिर, हॉटेलाची पडवी, कुठेही जागा मिळते. गावात शिरल्यावर पोलीस पाटलाचं घर विचारायचं. तहसील कचेरीशी त्यांचा संपर्क असतो, आणि तुमचं नाव त्यांच्याकडे नोंदलं गेलं की शोध घेणाऱ्यांचं कामही हलकं होतं.

आता कोरडं राहण्याचं. महाबळेश्वरात जुलैत पारा विशीच्या आत-बाहेर असतो. हा आकडा ऐकून कुणाला थंडी आठवत नाही, पण भिजलेला सुती शर्ट, जीन्स आणि घाटातला वारा असला की याच तापमानात दोन-तीन तासांत दात वाजायला लागतात. नंतर बोलणं अडखळतं, हाताला बटण लागत नाही, आणि माणूस उगाच हट्टीपणाने एका दिशेने चालत सुटतो. ही शेवटची खूण सोबत्यांना थकवा वाटते, म्हणून सांगून ठेवतो. इलाज सोपा आहे: कोरड्या कपड्यांचा एक जोड असा बांधायचा की तो काही झालं तरी भिजणार नाही, आणि थांबल्याशिवाय तो अंगावर चढवायचा नाही. चालताना भिजायचं ते अंगावरच्या कपड्यांतच. कोरडा जोड सुती नको, सिंथेटिक टी-शर्ट, हलकी ट्रॅक पँट, लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, कानटोपी आणि लोकरी मोजे घ्या. घाटमाथ्यावरचे धनगर भर पावसात घोंगडी का सोडत नाहीत, तर लोकर ओली झाली तरी ऊब धरते. घोंगडी बाईकवर नेणं जमत नाही, पण मोजे आणि टोपी तरी लोकरीची असू द्या.

बॅगेवर चढवायच्या रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांवरून आत उतरतं, आणि दरीतून वर येणारा वारा ते कव्हरच उडवून नेतो. खरा बचाव आतून करायचा. खताच्या गोणीच्या आत जी जाड प्लॅस्टिकची पिशवी असते ती स्वच्छ धुऊन बॅगेत अस्तरासारखी घाला, तोंडाला पीळ देऊन दुमडा आणि बांधा. तिच्या आत कोरडा जोड आणखी एका पिशवीत. बॅग ओढ्यात पडली तरी कपडे कोरडे निघतात.

तंबू काढून टाका. घाटरस्त्यावर तो लावायला सपाट जागा मिळते ती नेमकी कड्याखाली किंवा भरावावर, म्हणजे जिथे थांबूच नये तिथे. त्याऐवजी तीन बाय चार मीटरचं मेणकापड, सात-आठ मीटर बारीक नायलॉन दोरी आणि कचऱ्याच्या दोन मोठ्या, जाड काळ्या पिशव्या. एका पिशवीत पाय घालून कंबरेपर्यंत ओढायची, दुसरीला डोकं आणि हात काढायला भोकं पाडून अंगात घालायची, तोंड मात्र उघडं ठेवायचं. चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट पन्नास-साठ ग्रॅमचं असतं, तेही घ्या. पण ते एकटं वाऱ्यात फाटतं, म्हणून पिशवीच्या आत गुंडाळायचं. बसताना बुडाखाली बॅग किंवा फोमचा तुकडा हवाच, कारण अंगातली ऊब वरून जाते तशीच ओल्या जमिनीतही झिरपून जाते. छत्री हवी का? चालायला निरुपयोगी, बसून राहायला उत्तम. असेल तर असू द्या.

चकमक आणि सुरा दोन्ही घरी ठेवा. जुलैत जंगलात जाळ करून ऊब मिळवणं ज्यांचं आयुष्य त्या रानात गेलंय त्यांनाही सोपं नाही. दोरी, प्लॅस्टिक, क्रेप बँडेज कापायला छोटी घडीची सुरी किंवा कात्री पुरते.

दोराबद्दल जरा कडक बोलतो. वीस मीटर दोर आणि तो वापरायचं शिक्षण नसलेला माणूस हे धोकादायक गणित आहे. वाहत्या पाण्यात कमरेला दोर बांधून उतरणारा माणूस घसरला की काठावरचे दोर ताणून धरतात, आणि पाण्याचा जोर त्याला तळाशी दाबतो. बांधून घेऊन ओढा ओलांडायचा नाही, कधीच नाही. मुळात गुडघ्यावर पाणी असेल तर ओलांडायचाच नाही. वेगाच्या पाण्यात घोट्याच्या थोडं वर पाणीही उभा माणूस पाडतं. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत असेल तर खालची फरशी शिल्लक आहे की नाही हेही दिसत नाही. घाटातल्या ओढ्यांची एक चांगली गोष्ट अशी की ते जसे झटकन चढतात तसेच उतरतात. पावसाने दम घेतला की तास-दोन तासांत पाण्याचा आवाज बदलतो. मेणकापड अंगावर घेऊन बसायचं ते या दोन तासांसाठी. ओलांडायची वेळ आलीच तर बॅगेचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे करा, काठी पुढे रोवा आणि एका वेळी एकच पाय हलवा.

काठी तुमच्या यादीत नाही, आणि ती सगळ्यात आधी हवी. छातीएवढ्या उंचीची, हाताच्या मुठीत बसेल अशी बांबूची. शेवाळलेल्या कातळावर तिसरा पाय, पाण्यात खोली बघायला, गवतात पुढे आपटत चालायला, मेणकापडाचा खांब म्हणून. बाईकवर बांधून नेता येते. एसटीने जात असाल तर एक ऑफिसातच ठेवून द्या.

उजेडावर पैसे खर्च करा. मोबाईलची टॉर्च ही टॉर्च नव्हे. ती वापरली की फोन संपतो, आणि हातही अडकतो. एक बऱ्यापैकी हेडटॉर्च आणि एक छोटी हातातली, दोन्ही एकाच मापाच्या सेलवर चालणाऱ्या. सेल बॅगेत असताना एक उलटा घालून ठेवायचा, म्हणजे धक्क्याने टॉर्च आत पेटून सेल संपत नाहीत. आणि आंबेनळीसाठी खास सांगायचं तर दाट धुक्यात कपाळावरची टॉर्च डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करते. ती काढून हातात घ्या, कंबरेच्या खाली धरा, उजेड जमिनीलगत सोडा. लगेच चार पावलं पुढचं दिसायला लागतं.

रस्ता सोडायचा नाही. घाटाची वळणं पाहून 'ही मधली वाट थेट खाली उतरते' असं वाटणं साहजिक आहे, आणि जुन्या पायवाटा या डोंगरात आहेतही. पण श्रावणाच्या आसपास त्या कारवीत आणि गवतात बुडालेल्या असतात, मध्येच एखादी नाळ, म्हणजे उतरायची अरुंद उभी घळ, वाहून गेलेली असते. शिवाय शोधणारे आधी डांबरी रस्त्याने येतात. त्यांना तुम्ही सापडायला हवे.

रस्त्यावरही कुठून चालायचं आणि कुठे टेकायचं याला महत्त्व आहे. डोंगराकडच्या गटारालगत वरून दगड येतात. दरीकडची कड म्हणजे भराव, तो खालून पोखरलेला असू शकतो आणि वर डांबर मात्र शाबूत दिसतं. वाहनं बंद असतील तर मधून चाला. टेकायचं ते सोंडेवरच्या वळणावर, जिथे डोंगर बाहेर आलेला असतो. घळीत, मोरीपाशी, ताज्या कापलेल्या उभ्या मातीखाली अजिबात नाही. ओढ्याचं पाणी एकाएकी चिखलाचं झालं, किंवा पाऊस चालू असताना एकाएकी कमी झालं, तर वर काहीतरी अडलंय असं समजून बाजूला व्हा. बारीक खडे सुटत राहणं, झाडं पूर्वी नव्हती तशी कललेली दिसणं, मुळं तुटल्याचा कडकड आवाज, यातलं काहीही जाणवलं तर तो ढीग ओलांडायला जाऊ नका. एक दरड आली तिथे दुसरी येते. पडलेल्या झाडात विजेची तार गुंतलीय का हे टॉर्चने पाहिल्याशिवाय फांदीला हात लावू नये.

हे सगळं कागदी वाटत असेल तर २०२१ आठवा. २२ ते २३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या २२ जुलैला महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. तुमच्याच तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला आणि नंतर बरेच दिवस बंद होता. त्या संध्याकाळी वरून खाली चालत निघालेल्याला जगातली कुठलीही बॅग उपयोगी पडली नसती. म्हणून हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी निघायचंच नाही, किंवा वर असाल तर वरच राहायचं. ऑफिसच्या कपाटात एक चादर आणि दात घासायचा ब्रश ठेवलात तर ती तुमची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा वापरात येणारी तयारी ठरेल.

उपग्रहाच्या यंत्राबद्दल: आपल्याकडे परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तशी संदेशयंत्रं बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि त्यापायी पर्यटकांना अटक झाल्याची प्रकरणं आहेत. विदेशी व्हिडिओ पाहून ते मागवू नका. दहा हजार एमएएचची पॉवरबँक, छोटी केबल, दोन्ही झिपच्या पिशवीत. घाटात रेंज शोधून शोधून फोनची बॅटरी उतरते, म्हणून फ्लाइट मोडवर ठेवा आणि उघड्या सोंडेवर आलात की चालू करून पाहा. फोन लागत नसतो तेव्हाही एसएमएस कधीकधी जातो. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे पाठ असावेत. नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि गळ्यात शिट्टी. धुक्यात टॉर्च दिसत नाही तिथे शिट्टी ऐकू येते. ओरडून घसा तासाभरात बसतो. रानातली माणसं कुकारा घालतात, तसा कुकारा ऐकू आला तर शिट्टीने उत्तर द्या.

पायांचं. ऑफिसचे बूट घालून चाळीस तर सोडाच, दहा किलोमीटरही घाट उतरता येणार नाही. सह्याद्रीत फिरणारी निम्मी मंडळी ज्या स्वस्त रबरी तळाच्या, कापडी बुटांवर वर्षं काढतात तेच घ्या. पाणी आत जातं तसंच बाहेर येतं. गमबूट नको, एकदा पाणी शिरलं की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. निघण्यापूर्वी तळव्यांना आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन चोळा. तासन्‌तास ओलं राहून पांढरी पडलेली कातडी सोलते, ते त्याने बरंच लांबतं. पायाला जखम असेल तर ती झाकूनच पाण्यात उतरा, कारण पुराच्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग होतो. घरी पोचल्यावर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, ताप येण्याची वाट पाहू नका. २००५ च्या जुलैनंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली ती पाण्यातून चालत घरी गेलेल्यांना आठवत असेल.

खाण्यात फार डोकं घालू नका. तीन दिवसांचं नको, एका दिवसाचं पुरे. तहानलाडू-भूकलाडू ही जुनी रीत होती, तिच्यात आजही सुधारणा करावी असं काही नाही. शेंगदाण्याचे किंवा डिंकाचे लाडू, गूळ, खजूर, भाजलेले चणे. चिवडा आणि फरसाण नको, तहान लावतात. दर पंधरा दिवसांनी ते खाऊन टाकायचं आणि नवं भरायचं, नाहीतर ऐन वेळी खवट वास येतो. पाणी एक लिटर, सोबत ओआरएसची दोन पाकिटं आणि क्लोरीनच्या गोळ्या. गाळायची नळी गढूळ पाण्यात लवकर तुंबते. धरायचंच तर मेणकापडावरून ओघळणारं पावसाचं पाणी बाटलीत धरा, ओढ्याचं नको.

औषधांत क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, पॅरासिटामॉल. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर तीन दिवसांची, पाकिटासकट. कुंभरोशीच्या जंगलात जळवा लागतात, त्यांच्यासाठी मिठाची पुरचुंडी. साप चावलाच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं नाही. पाय न हलवता आधार देऊन, धावपळ न करता दवाखाना गाठायचा. उजेड आणि काठी असली की ही वेळ सहसा येत नाही. गवा रस्त्यात उभा दिसला तर टॉर्च डोळ्यांत न मारता मागे सरा, तो आपणहून जातो.

नोटा ठेवा, हजार-दीड हजार रुपये, सुट्ट्या. वीज आणि रेंज गेली की यूपीआय नसतं, पण कुंभरोशीत चहा आणि जीपवाला असतो. आधारची प्रत आणि घरच्यांचे नंबर कागदावर, प्लॅस्टिकमध्ये.

हे सगळं वीस-पंचवीस लिटरच्या साध्या सॅकमध्ये बसतं, वजन पाण्यासकट पाच किलोच्या आत. जून ते सप्टेंबर ती तुमच्याबरोबर फिरायला हवी. बाईकच्या डिकीत कोंबलेली बॅग दरडीच्या पलीकडे राहते. खरेदी एकदम झेपत नसेल तर आधी हेडटॉर्च, मग मेणकापड आणि पिशव्या, मग बूट. बाकीचं बहुतेक घरातच निघेल. ऑक्टोबरनंतर दोन बाटल्या पाणी वाढवा आणि मेणकापड काढा. जूनमध्ये एका पावसाळी रविवारी हीच बॅग घेऊन कुंभरोशीपासून खाली काही किलोमीटर चाला. बुटाचा चावा आणि पिशवीची गळती दोन्ही तिथे कळतात.

घरच्यांसाठी बॅग करा, पण वेगळी. त्यांना चालायचं नाही, सावित्री नदी चढली तर वरच्या आळीत किंवा शाळेत जायचंय. त्यात औषधं, चष्मा, कागदपत्रं, टॉर्च, लहान मुलांचे कपडे, पिण्याचं पाणी. तुमच्याशी ठरवायचे फक्त तीन एसएमएस: 'निघालो', 'थांबलो, अमुक गावात' आणि 'पोचलो'. 'थांबलो' आल्यावर सकाळी दहापर्यंत काळजी करायची नाही आणि कुणी बाईक काढून वर शोधायला यायचं नाही, हेही त्यांच्याकडून कबूल करून घ्या.